आईला ऐकू आलेले दोघं

नव्वदच्या दशकात मित्राची एक गिटारची कॅसेट घरी आणून लावली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "दोघं छान वाजवतायत गं." मलाही दोघंच वाटले होते. कव्हरवर नाव मात्र एकच: चेट ॲटकिन्स.

एकाच हाताचा अंगठा जाड तारांवर बेस ठोकत राहतो, बाकीची बोटं बारीक तारांवर गाण्याची चाल काढतात. तळहाताची कड ब्रिजवर टेकलेली, म्हणून बेस घुमत नाही, डग्ग्यावर हात दाबल्यासारखा बद्द वाजतो. ही तऱ्हा केंटकीतल्या मुहलेनबर्ग काउंटीची, कोळशाच्या खाणींच्या मुलखातली. तिथला गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस अंगठा आणि तर्जनी एवढ्यावरच भागवायचा.

चेटने पोरवयात त्याला रेडिओवर ऐकलं. रेडिओवर हात थोडेच दिसतात! एवढे सूर काढायचे तर अंगठा आणि तीन बोटं हवीतच, असं तो धरून चालला आणि तसा हात बसवला. अंदाज साफ चुकला होता. पण त्या जादा बोटांनीच त्याची चाल गाती झाली, असं माझं मत. पुढे १९६६ मध्ये त्याने बीटल्सच्या गाण्यांची अख्खी रेकॉर्ड काढली, आणि तिच्या कव्हरवरचा मजकूर खुद्द जॉर्ज हॅरिसनने लिहिला. दुसऱ्यांची गाणी वाजवणाऱ्याला नकलाकार म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

१९६२ साली ऑस्ट्रेलियात सात वर्षांच्या टॉमी इमॅन्युएलने रेडिओवर चेटला ऐकलं. पुन्हा तेच, हात दिसेनात. नोटेशन त्याला आजही वाचता येत नाही; सगळं कानाने. त्याने चेटला पत्र पाठवलं, उत्तरही आलं. १९९७ मध्ये दोघांचा अल्बम निघाला. चेटने 'सर्टिफाइड गिटार प्लेयर' अशी एक मिश्कील पदवी काढली होती, ती मोजून चौघांना दिली. १९९९ मध्ये टॉमीला. बीटल्सची गाणी टॉमीही वाजवतो. गिटारच्या लाकडावर तो असा काही ताल धरतो की पॉलिश उडून खालचं लाकूड दिसतं.

चेटचे हात मी पहिल्यांदा पाहिले ते इंटरनेट आल्यावर, एका अडखळणाऱ्या व्हिडिओत. तेव्हा कळलं, त्या कॅसेटवरून शिकून मी इतकी वर्षं करंगळी गिटारच्या अंगाला टेकवूनच वाजवत होते. कॅसेटने ते कधी सांगितलं नव्हतं. आता ती करंगळी उचलायला गेले की अंगठ्याचा ताल सुटतो.