केबल सोडणे (चांदे, ता. मुळशी, जि. पुणे)

केबल सोडणे : दरमहा पैसे भरून घेतलेले केबल टीव्हीचे किंवा डीटीएचचे कनेक्शन बंद करून छतावरची मोफत छत्री (डिश), घरातले इंटरनेट किंवा दोन्हींवर टीव्हीची गरज भागवणे. चांदे हे मुळशी तालुक्यातले गाव. शेजारच्या नांद्याशी जोडून ‘नांदे-चांदे’ असाच त्याचा उल्लेख होतो. एका अंगाला माण-हिंजवडीचे आयटी पार्क, दुसऱ्या अंगाला लवळे-पिरंगुट. २०२१ च्या जूनअखेर पुणे महापालिकेत २३ गावे घेतली गेली, त्यांत जवळची सूस आणि म्हाळुंगे होती. चांदे ग्रामीण हद्दीतच राहिले. टीव्हीच्या इतिहासात या हद्दीला महत्त्व आहे, कारण केबलवरचा करमणूक कर आणि सेट टॉप बॉक्सच्या सक्तीच्या तारखा दोन्ही हद्द पाहून ठरल्या.

केबल सोडण्याची अमेरिकी रीत इथे तशीच लागू होत नाही. तिकडे मोठ्या खासगी वाहिन्यांची स्थानिक केंद्रे जमिनीवरच्या मनोऱ्यांतून मोफत प्रक्षेपण करतात. साधी अँटेना लावली की बातम्या, मालिका, सामने घरात येतात. भारतात जमिनीवरून टीव्ही प्रक्षेपित करण्याची मुभा फक्त दूरदर्शनला आहे. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. पुढे एफएम रेडिओ खासगी कंपन्यांना खुला झाला, टीव्ही मनोरे मात्र सरकारी प्रसारणाकडेच राहिले. त्यामुळे केबल सोडलेल्या मराठी घराला झी मराठी किंवा स्टार प्रवाह अँटेनावर कधीच मिळाले नाही.

अँटेनाचा काळ. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुण्यासाठी सिंहगडावर पुनःप्रक्षेपण केंद्र १९७३ मध्ये आले. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवरच्या या गडावरून पुणे शहर थेट नजरेच्या टप्प्यात येते. चांदे गडापासून सरळ रेषेत वीस-पंचवीस किलोमीटर उत्तरेला, पण मध्ये टेकड्या आहेत. टीव्हीच्या लहरी सरळ जातात, टेकडीला वळसा घालत नाहीत. म्हणून या पट्ट्यात अँटेना दक्षिणेकडे तोंड करून उंच पाइपावर चढवावी लागे. सिग्नल कमी पडला की पडद्यावर ‘मुंग्या’ येत, आणि टेकडीवर आपटून परतलेली लहर मूळ लहरीत मिसळली की प्रत्येक माणसाशेजारी त्याची फिकट सावली उभी राहे. एकाने छतावर पाइप फिरवायचा, दुसऱ्याने खिडकीतून ‘आलं, आलं, गेलं’ ओरडायचे, हा त्यावरचा उपाय.

तो टीव्हीही अगदी फुकट नव्हता. संचासाठी पोस्टातून लायसन्स काढावे लागे; ती पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यात बंद झाली. ‘गजरा’, ‘आमची माती आमची माणसं’, ‘चिमणराव’ आणि गुरुवारचे ‘छायागीत’ या काळातले.

केबल. १९९१ चे आखाती युद्ध, त्याच वर्षी आलेला स्टार टीव्ही आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी सुरू झालेला झी टीव्ही यांनी केबलला गिऱ्हाईक दिले. कायदा आला तो १९९५ मध्ये. तोवर तारा खांबांवरून, झाडांवरून, गच्च्यांवरून गेलेल्या होत्या. केबलवाल्याची सामग्री थोडी : जाळीची मोठी डिश, एका खोलीतली कंट्रोल रूम, आणि ठरावीक अंतरावर ॲम्प्लिफायर, ज्याला सगळे ‘बूस्टर’ म्हणत. या बूस्टरला वीज लागते. आपल्या घरात दिवे असले तरी वरच्या वाडीत भारनियमन असेल तर केबल जाई, याचे कारण तेच. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रातल्या ग्रामीण ग्राहकाची ही नेहमीची तक्रार होती.

मराठी घरांना केबल खऱ्या अर्थाने चिकटली ती १९९९ मध्ये अल्फा मराठी (पुढची झी मराठी) आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी (आताची कलर्स मराठी) आल्यावर. सरकारी डीडी-१० ला ‘सह्याद्री’ हे नाव २००० मध्येच मिळाले, पण तोवर रात्री आठची वेळ तिच्या हातून गेली होती.

राज्य सरकार प्रत्येक जोडणीवर करमणूक कर घेई. महापालिका हद्दीत तो महिना ४५ रुपयांपर्यंत गेला होता, खेड्यात कमी. जोडण्या नेमक्या किती, यावर वाद होता. ऑपरेटर आकडा कमी दाखवतात, असे वाहिन्यांचे म्हणणे. वाहिन्यांनीच दर मनमानी लावले, असे ऑपरेटरांचे. हा वाद सोडवायला सेट टॉप बॉक्सची सक्ती आली. पुणे शहराची मुदत ३१ मार्च २०१३ होती. ग्रामीण भाग चौथ्या टप्प्यात असल्याने चांद्यासारख्या गावांना ३१ मार्च २०१७ पर्यंत वेळ मिळाला. गंमत अशी की तोवर जिओची मोबाइल इंटरनेट सेवा सुरू होऊन सहा महिने झाले होते. गावात केबल डिजिटल झाली तेव्हा तिचा प्रतिस्पर्धी खिशात पोचलेला होता.

दरआदेश, २०१९. केबल सोडण्याच्या निर्णयाला इतर कशाहीपेक्षा जास्त धार दिली ती ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाच्या दरआदेशाने. आधी दोनशे-अडीचशे रुपयांत केबलवाला देईल ते दिसे, आणि तो बरेच काही देई. फेब्रुवारी २०१९ पासून हिशेब उघडा झाला. १०० वाहिन्यांच्या वहनासाठी कमाल १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. या शंभरांत दूरदर्शनच्या वाहिन्या सक्तीने येत. शिवाय प्रत्येक सशुल्क वाहिनीचे पैसे वेगळे. गठ्ठ्यात द्यायच्या वाहिनीला कमाल १९ रुपयांची मर्यादा. झी मराठीने नेमकी तीच गाठली. करासह ती एकटी २२ रुपये ४२ पैशांना पडे.

ग्राहकाला हवे तेवढेच घेता यावे हा हेतू होता. प्रत्यक्षात मराठी, हिंदी, क्रिकेट आणि मुलांची कार्टून एवढे घेतले तरी अनेक घरांचे बिल वाढले. ते खरोखर किती वाढले, यावर नियामक आणि पाहणी करणाऱ्या संस्था यांचे आकडे जुळत नाहीत. जानेवारी २०२० च्या दुरुस्तीने १३० रुपयांत २०० वाहिन्या दिल्या आणि मर्यादा १२ रुपयांवर आणली. वाहिन्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने जून २०२१ मध्ये दुरुस्ती बहुतांशी ग्राह्य धरली. नोव्हेंबर २०२२ मध्ये मर्यादा पुन्हा १९ रुपयांवर गेली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दराच्या भांडणात बड्या वाहिन्यांनी अनेक केबल कंपन्यांचा सिग्नल काही दिवस तोडला. मालिका अर्धवट राहिलेल्या प्रेक्षकाला तीच मालिका फोनवर दिसत होती. केबल कंपन्यांच्या विरोधकांनाही याहून चांगली जाहिरात सुचली नसती.

छत्री. दूरदर्शनची मोफत उपग्रह सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने ३३ वाहिन्यांसह सुरू झाली. आताचे नाव डीडी फ्री डिश. छत्री, बॉक्स आणि वायर मिळून सुमारे दोन हजार रुपयांचा एकदाचा खर्च. पुढे महिना काही नाही. वाहिन्या दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीकडे लिलावात जागा विकत घेतात, त्यामुळे खर्च जाहिरातदाराच्या अंगावर पडतो. देशभरातल्या घरांचा अंदाज ४ कोटींच्या पुढे सांगितला जातो. नोंदणीच नसल्याने तो अंदाजच राहतो.

फ्री डिशचा उपग्रह पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर विषुववृत्तावर स्थिर आहे. चांद्याहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून अठ्ठावन्नएक अंश वर येतो. जुनी अँटेना दक्षिणेच्या गडाकडे बघे, छत्री आग्नेयेच्या आभाळाकडे. कौलांवर दोन्ही शिल्लक असतील तर घराने टीव्हीचे कोणते दोन काळ पाहिले ते रस्त्यावरून सांगता येते. बसवणारा माणूस फोनवरच्या होकायंत्राने आधी दिशा धरतो, नट अर्धवट आवळतो, मग टीव्हीवरच्या ‘क्वालिटी’च्या पट्टीकडे कुणाला तरी बसवून ताटली केसभर हलवत राहतो. एका अंशाची चूकही पट्टी खाली आणते. शेवटी पुढच्या एलएनबीला (लहरी पकडणाऱ्या डबीला) थोडा पीळ द्यायचा आणि वायरच्या टोकाला टेप गुंडाळायची. टेप विसरली तर पहिल्या पावसात पाणी शिरते.

पाऊस हा छत्रीचा मोठा शत्रू. छत्रीच्या केयू बँडच्या लहरी अडीचएक सेंटिमीटर लांबीच्या, जोरदार सरीत त्या शोषल्या आणि विखुरल्या जातात. मुळशीत पाऊस सगळीकडे सारखा नाही : ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर धो धो, पूर्वेला चांद्याकडे बराच कमी. तरी जुलैतल्या मोठ्या सरीत चित्राचे चौकोन होऊन टीव्ही थांबतोच. मुंग्या आलेल्या पडद्यावर निदान आवाज तरी येई. डिजिटल चित्र एकतर असते नाहीतर नसते.

क्रिकेटच्या बाबतीत छत्री केबलला मात देते, आणि याचे कारण कायद्यात आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल खासगी वाहिनीने प्रसार भारतीला द्यावाच लागतो. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा सिग्नल दूरदर्शनच्या स्वतःच्या मनोऱ्यांवर आणि फ्री डिशवरच दाखवता येईल. परिणामी भारताचा विश्वचषकातला सामना फुकट छत्रीवर दिसतो आणि पैसे भरलेल्या केबलवरच्या दूरदर्शनवर दिसत नाही. आयपीएल या यादीत नाही.

मराठीत सह्याद्रीशिवाय फक्त मराठी, २०२० मध्ये आलेली शेमारू मराठीबाणा अशा वाहिन्या छत्रीवर आल्या. जुने चित्रपट भरपूर, ताज्या मालिका कमी. २०१९ मध्ये दरआदेश लागू होताच बड्या समूहांनी आपल्या मोफत हिंदी वाहिन्या फ्री डिशवरून काढल्या आणि पुढच्याच वर्षी परत आणल्या. छत्रीवाल्या प्रेक्षकाला कुणी विचारले नव्हते.

मनोरे. प्रसार भारतीने मोक्याची सुमारे ५० ठिकाणे वगळून जुने ॲनालॉग मनोरे ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे ठरवले. त्याआधी फेब्रुवारी २०१६ मध्ये १६ शहरांत डिजिटल मनोरे सुरू झाले. त्यांत मुंबई आणि औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) होती, पुणे नव्हते.

इंटरनेट. हिंजवडीच्या शेजारच्या गावांत इंटरनेट आधी कामासाठी आले आणि टीव्ही त्याच्या पाठीवर बसून आला. हे लक्षात घेतले नाही तर ‘केबल सोडून पैसे वाचतात’ हा समज बळावतो. जिओ फायबरचा २०२० चा सर्वांत स्वस्त प्लॅन ३९९ रुपयांचा, करासह ४७१ रुपयांच्या घरात, आणि त्यात मालिका-चित्रपटांचे एकही सशुल्क ॲप नव्हते. ज्या घराला घरून कामासाठी किंवा मुलांच्या तासांसाठी नेट घ्यावेच लागले, त्याच घराची बचत झाली. फक्त टीव्हीसाठी नेट घेणाऱ्याला केबलच स्वस्त पडे. मोबाइलच्या दिवसाला दीड-दोन जीबीवर भागत नाही : एचडी चित्राला तासाला तीन जीबीपर्यंत लागतात, म्हणजे सामन्याचा पहिला डावही पुरा होत नाही.

केबलवाला यात बाजूला पडला, असे म्हटले जाते ते अर्धेच खरे. ऑक्टोबर २०१८ मध्ये जिओवाल्या रिलायन्सने हाथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांत बहुमताचा हिस्सा घेण्याचे जाहीर केले. त्यांच्या जाळ्याइतकेच मोल त्यांच्याशी जोडलेल्या हजारो स्थानिक ऑपरेटरांचे होते. बीएसएनएलनेही घरोघरी फायबर नेण्यासाठी स्थानिक केबल ऑपरेटरांना भागीदार केले. खांबांचे हक्क, गल्लीतली ओळख आणि पावसात शिडी लावणारा माणूस केबलवाल्याकडेच होता. अनेक ठिकाणी काळी तार उतरली आणि त्याच खांबावर, त्याच माणसाने बारीक फायबर चढवले. फायबरमधून प्रकाश जातो, वाटेत बूस्टर लागत नाही. वरच्या वाडीतले लोडशेडिंग आता चित्र घालवत नाही. गृहसंकुलांत मात्र कोणाचे फायबर येणार हे पुष्कळदा सोसायटी किंवा बिल्डर ठरवतो.

जिओ एअर फायबर १९ सप्टेंबर २०२३ रोजी ज्या आठ शहरांत सुरू झाले त्यांत पुणे होते. यात ५जी लहरी पकडणारी पेटी छतावर लावतात. म्हणजे पाइप, क्लॅम्प आणि दिशा शोधणे पुन्हा आले.

मालिका आणि क्रिकेट. मराठी मालिका त्या-त्या समूहाच्या ॲपवर. काही भाग पैसे भरणाऱ्याला टीव्हीच्या आधी. आयपीएल २०२३ मध्ये जिओ सिनेमाने मोफत आणि मराठी समालोचनासह दाखवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओ सिनेमा हॉटस्टारशी एक होऊन जिओ हॉटस्टार झाले.

बातम्या. एबीपी माझा, झी २४ तास यूट्यूबवर थेट, मोफत.

सरकारी ॲप. प्रसार भारतीचे ‘वेव्हज’, गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात २० नोव्हेंबर २०२४ रोजी सुरू.

पडदाच बंद करण्याचा प्रयोग. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवून मुले अभ्यासाला बसू लागली. तिथे प्रश्न माध्यमाचा नव्हताच. केबल, छत्री आणि फोन तिन्ही एकाच भोंग्याखाली आले.

सद्यस्थिती. देशात पैसे भरून घेतलेली डीटीएच कनेक्शने २०२० च्या अखेरीस ७ कोटींच्या पुढे होती, २०२४ च्या अखेरीस ६ कोटींच्या खाली आली. त्यांतली किती घरे छत्रीकडे गेली आणि किती नेटकडे, याची विभागणी ‘ट्राय’च्या अहवालांत होत नाही. जुलै २०२४ मध्ये ‘ट्राय’ने १३० रुपयांची मर्यादा काढून वहनशुल्क कंपन्यांवर सोडले. दरम्यान प्रसार भारती आणि आयआयटी कानपूर यांनी नेटशिवाय थेट मोबाइलवर टीव्ही पोचवण्याच्या चाचण्या घेतल्या. त्यासाठी फोनमध्ये वेगळी चिप हवी. तिच्यामुळे हँडसेट महागतील, असे सांगत सॅमसंग आणि क्वालकॉम यांनी २०२३ मध्ये सरकारकडे विरोध नोंदवला.