पोकळीचा आकार आणि सिलिकॉनची पृष्ठऊर्जा

ठराविक घनफळाचा स्फटिक एकूण पृष्ठऊर्जा न्यूनतम राहील असा आकार धारण करतो, हा विचार गिब्ज यांच्यानंतर प्येअर क्यूरी यांनी १८८५ मध्ये मांडला. वुल्फ यांनी १९०१ मध्ये त्यास भूमितीचे रूप दिले : केंद्रापासून प्रत्येक पैलूचे अंतर त्या पैलूच्या पृष्ठऊर्जेच्या प्रमाणात असते. (द्रवांसाठी रुळलेला ‘पृष्ठताण’ हा शब्द येथे दिशाभूल करतो; घनपदार्थात ताण व ऊर्जा या भिन्न राशी होत.) नियम सुटसुटीत, परीक्षा मात्र बिकट, कारण उघड्या सिलिकॉनवर ऑक्साइडचा थर त्वरित चढतो.

वाट निघाली ती स्फटिकाच्या पोटातून. सिलिकॉनमध्ये हेलियमचे आयन वेगाने घुसविले म्हणजे वायूचे बुडबुडे बनतात. पुढे तापविल्यावर हेलियम निसटतो आणि निर्मळ भिंतींच्या रिकाम्या पोकळ्या उरतात. पोकळी म्हणजे जणू उलटा स्फटिकच. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेचे फोलस्टेट यांनी अशा पोकळ्यांच्या पैलूंवरून निरनिराळ्या पृष्ठांच्या सापेक्ष ऊर्जा १९९३ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्याच वर्षी ईगलशॅम व त्यांचे सहकारी यांनी सिलिकॉनमधील पोकळ्यांच्या आधारे (१११) पृष्ठासाठी दर चौरस मीटरला १.२३ आणि (१००) पृष्ठासाठी १.३६ ज्यूल ही मूल्ये दिली.

या आकड्यांत पोकळीची साक्ष किती, हे पाहिले पाहिजे. सर्व ऊर्जा दुप्पट झाल्या तरी आकार तोच राहील. म्हणजे आकारावरून केवळ गुणोत्तर कळते. १.२३ हे मूल्य जॅकोडाइन यांनी १९६३ मध्येच, स्फटिक चिरण्याच्या प्रयोगातून, मांडले होते. शिवाय मोठ्या पोकळीत अणूंना दूरवर सरकावे लागते व ती जुन्याच आकारात अडकून पडू शकते. म्हणून लहान पोकळ्यांची साक्षच अधिक ग्राह्य ठरते.