तळटीप १४ : होम फेनचा खांब

१४. लेखिकेने ‘जमिनीतून वर आलेला खांब’ म्हटले आहे. खरे तर खांब जागचा हललेला नाही, खाली गेली ती जमीन. केंब्रिजशरमधले व्हिटल्सी मिअर हे विस्तीर्ण तळे १८५१ साली वाफेवरच्या पंपाने उपसून तिथे शेते काढली गेली. भोवतालच्या होम फेनची जमीन पीटची, म्हणजे हजारो वर्षे पाण्याखाली अर्धवट कुजून साठलेल्या वनस्पतींची. ती किती खचते हे कळावे म्हणून खालच्या चिकणमातीत टेकवून हा खांब माथ्यापर्यंत पुरला. आज तो सुमारे ४ मीटर उघडा आहे. पाणी गेल्यावर पीट आधी दबली, मग हवा लागून कुजत गेली आणि तिच्यातला कार्बन वातावरणात मिसळला.

२००१ पासून ‘ग्रेट फेन’ प्रकल्पात होम फेन आणि वुडवॉल्टन फेन ही दोन राखीव क्षेत्रे जोडली जात आहेत. चर अडवून पाण्याची पातळी वाढवतात. ओल्या रानात पाणकणीस आणि स्फॅग्नम शेवाळाच्या लागवडीचे प्रयोगही झाले आहेत. पुढच्या परिच्छेदातला ‘भू-ऱ्हास समतोल’ (जेवढी जमीन खालावेल तेवढी सुधारून तोल राखणे) हा शब्द संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांतला (१५.३). तो वाचताना हा खांब डोळ्यांसमोर ठेवावा, अशी विनंती. कारण गेलेली जमीन लवकर भरून येत नाही: ओल्या दलदलीतही पीट वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते.