हुकची कोठडी आणि आपली पेशी

लंडनच्या रॉयल सोसायटीत रॉबर्ट हुककडे एक काम होतं : सभासदांच्या बैठकांत नवनवे प्रयोग करून दाखवायचे. त्याच उद्योगातून १६६५ साली त्याचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ निघाला. बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा त्याला लहान लहान घरं दिसली आणि त्यांना त्याने ‘सेल’ म्हटलं. लॅटिन ‘सेला’ म्हणजे खोली, कोठार. मठातल्या साधूची खोली पाहून त्याला हा शब्द सुचला, असं वर्गात रंगवून सांगतात. ग्रंथात मात्र उपमा आहे ती मधाच्या पोळ्याची. गडी पक्का हिशेबी. इंचाच्या अठराव्या भागात साठ घरं मोजून त्याने एका घन इंचात १,२५,९७,१२,००० घरं बसवली! त्या घरांत हवा कोंडलेली असते म्हणून बूच हलकं असतं, हेही त्याने ओळखलं.

पण बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. आतला जीव केव्हाच आटलेला, उरल्या होत्या नुसत्या भिंती. इंग्रजी शब्द त्या भिंतींवरून पडला आणि पुढे सगळ्या जीवसृष्टीला चिकटला. प्राण्यांच्या पेशीला भिंत नसतेच, असतं ते पातळ पेशीपटल. काय आत घ्यायचं नि काय बाहेर टाकायचं, ते तिथे ठरतं. आत पेशीद्रव्य, ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका आणि केंद्रक. या केंद्रकाला ‘न्यूक्लियस’ म्हणजे ‘गर’ हे नाव १८३१ साली, ऑर्किडच्या पेशी बघताना, रॉबर्ट ब्राऊन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलं. आपण गर सोडून केंद्र धरलं. तो शब्दही मुळात ग्रीक, ज्योतिषाबरोबर संस्कृतात आलेला.

‘पेशी’चं कूळ वेगळं. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा, स्नायू. सुश्रुताने शरीरात अशा पाचशे मोजल्या आहेत. हिंदीत ‘मांसपेशी’ अजून त्याच अर्थाने चालते आणि ‘सेल’ला तिथे ‘कोशिका’ म्हणतात. त्यामुळे मराठी शाळेतून हिंदी पुस्तकाकडे वळलेला विद्यार्थी हमखास अडखळतो. (कोर्टातली ‘पेशी’ फारसी ‘पेश’वरून आलेली, म्हणजे पेशव्यांच्या नात्यातली. तिचा इथे संबंध नाही.)

हुकने जे पाहिलं त्याला ‘कोशिका’ अधिक जवळची, हे कबूल. पण मला ‘पेशी’च सरस वाटते. ती भिंतीचं नाव सांगत नाही, आतल्या ऐवजाचं सांगते. आणि हे दोन शब्द काही सवती नव्हेत. अमरकोशात ‘पेशी’ आणि ‘कोश’ शेजारी शेजारी बसले आहेत, दोघांचाही अर्थ एकच : अंडं. कोंबडीच्या न फळलेल्या अंड्यातला पिवळा बलक ही खरोखरच एक अख्खी पेशी असते, आणि ती पाहायला सूक्ष्मदर्शक लागत नाही.