कंपवाताच्या तपासणीचं रानातलं कूळ

रामाकोना गावचा कंपवाताचा पेशंट नागपूरला निघतो, तेव्हा पिशवीत थायरॉइड, बी-12 असे रिपोर्ट असतात. ते दुसरे आजार बाजूला काढायला. नुसत्या रक्तावरून कंपवात ठरवायची सोय अजून दवाखान्यात नाही. डॉक्टर चालायला लावतात, अंगठ्यावर बोट भराभर आपटायला सांगतात, लेव्होडोपा देतात आणि उतार पडतो का बघतात. औषधच अर्धी तपासणी!

या ‘देऊन बघा’चं कूळ शोधताना माझी गाठ सातपुड्यातल्या दोन झाडांशी पडली.

1957 साली स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पीन टोचलं. कान पडले, ससे हलेनात. मग डोपा टोचली (लेव्होडोपा हे तिचंच औषधी रूप); थोड्याच वेळात ससे पुन्हा हालचाल करू लागले. रेसर्पीन निघतं सर्पगंधेच्या मुळातून. आणि डोपा? मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी यांनी ती 1937 मध्येच खाजकुइलीच्या बियांतून वेगळी केली होती. आजाराचं सोंग आणणारी एक वनस्पती, ते उतरवणारी दुसरी!

आता आक्षेप. डोपा त्याआधी, 1913 मध्येच गुगेनहाइम यांना बाकल्यात सापडली होती. कबूल, म्हणून खाजकुइलीला मी आजी म्हणत नाही, मावशी म्हणतो. दुसरे म्हणतात, पेशंटला डोपा दिली ती 1961 मध्ये व्हिएन्नात, बिर्कमायर आणि होर्निकेविच यांनी. खरं; पण ‘देऊन बघा’ची रीत सशांवरच पडली, असं माझं ठाम मत. तिसरा दावा न्यूरॉलॉजिस्ट बाला मन्यम यांचा: आयुर्वेदाला कंपवात आणि त्यावर खाजकुइली, दोन्ही ठाऊक होतं. असेल. मुंबईत 1978 मध्ये अशोक वैद्य, नोशिर वाडिया प्रभृतींनी खाजकुइलीच्या बियांची भुकटी पेशंटना देऊनही पाहिली. पण या बियांचा जुना लौकिक वाजीकरणातला. शिवाय औषधानं गुण येणं वेगळं आणि गुणावरून रोग ओळखणं वेगळं.

पाठीतल्या पाण्यात अल्फा-सिन्यूक्लिन हे प्रथिन शोधणारी कंपवाताची नवी तपासणी प्रायॉन-संशोधनाच्या घराण्यातली. तिचं कूळ निराळं.

डोपाचा पसारा मात्र पुढेही चालतो. ती अंगात मोडताना होमोसिस्टीन वाढू शकतं, बी-12 कमी पडू शकतं; पायाला मुंग्या येऊ लागल्या तर तेही तपासावं लागतं. पहिल्या दिवशी नॉर्मल आलेला रिपोर्ट म्हणून कायमचा नॉर्मल धरू नये. आणि बांधावरच्या खाजकुइलीच्या शेंगा फोडून डोस ठरवू नये: प्रत्येक बीत डोपा सारखी नसते.