फॅक्स व आन्सरिंग मशीन : एकाच लाइनवरील जोडणी

फॅक्स यंत्र आणि आन्सरिंग मशीन ही दोन स्वयंचलित उपकरणे एकाच दूरध्वनी क्रमांकावर चालवण्याची व्यवस्था. आलेला फोन माणसाचा आहे की यंत्राचा, हे ओळखून तो योग्य उपकरणाच्या हवाली करणे हे तिचे मुख्य काम. फोन करणाऱ्याला काहीही करावे लागू नये, ही चांगल्या जोडणीची कसोटी होय.

पार्श्वभूमी : आन्सरिंग मशीनचा पाया असलेल्या, ध्वनी चुंबकीय रीतीने नोंदवण्याच्या तंत्राची सुरुवात डॅनिश अभियंता वाल्देमार पोल्सेन यांच्या टेलिग्राफोनने (१८९८) झाली. फॅक्सचे ‘गट ३’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९८० मध्ये ठरले आणि वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलू लागली. भारतात त्या काळी दूरध्वनीसाठी मोठी प्रतीक्षायादी असे. मागेल त्याला १९९७ पर्यंत फोन, हे उद्दिष्ट १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात मांडावे लागले. अशा वेळी फॅक्ससाठी दुसरी लाइन घेणे छोट्या कार्यालयांना सोपे नव्हते.

ओळखीचे स्वर : फॅक्स संवादाविषयीच्या टी.३० या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार आपोआप नंबर फिरवणारे प्रेषक फॅक्स यंत्र ११०० हर्ट्झचा स्वर अर्धा सेकंद वाजवते, तीन सेकंद थांबते आणि पुन्हा वाजवते. हा ‘कॉलिंग टोन’. ग्राहक यंत्र उत्तरादाखल २१०० हर्ट्झचा सलग स्वर सुमारे २.६ ते ४ सेकंद देते. त्यानंतर दोन्ही यंत्रे ३०० बिट प्रतिसेकंद या संथ वेगाने आपापल्या क्षमता कळवतात आणि मगच पान पाठवण्यास प्रारंभ होतो. लाइनच्या वाटणीचा सारा भार यांतल्या पहिल्या स्वरावर आहे.

पद्धती : (१) मूक श्रवण. फोन आन्सरिंग मशीन उचलते. फॅक्स यंत्र लाइनवर नुसते ऐकत राहते. ११०० हर्ट्झचा स्वर कानी पडताच ते लाइन ताब्यात घेते आणि आन्सरिंग मशीनला तोडते. यासाठी क्रम महत्त्वाचा : भिंतीवरील सॉकेटमधून तार फॅक्सच्या ‘लाइन’ खाचेत आणि फॅक्सच्या ‘एक्स्ट’ खाचेतून आन्सरिंग मशीनमध्ये. दोन्ही यंत्रे दुहेरी सॉकेटवर समांतर लावली, तर फॅक्सला आन्सरिंग मशीन तोडता येत नाही आणि दोघेही लाइन धरून बसतात.

(२) फॅक्स स्विच. ही वेगळी पेटी स्वतः फोन उचलते, फोन करणाऱ्याला कृत्रिम रिंग ऐकवते आणि तेवढ्यात स्वर तपासते. पेटीने उचलल्या क्षणापासून फोन करणाऱ्याचे मीटर पडू लागते. एसटीडी दरांच्या काळात ही मोठी उणीव होती.

(३) वेगळी रिंग. अमेरिकेत एकाच लाइनवर दोन क्रमांक देऊन प्रत्येकाची रिंग वेगळ्या लयीत वाजवण्याची सेवा दूरध्वनी कंपन्या देत. यात स्वर ओळखण्याची गरजच उरत नाही.

पहिली व दुसरी यांत श्रेष्ठ कोणती, याविषयी जाणकारांत एकमत नाही. खर्च व साधेपणा पाहता घरगुती वापरात पहिली सोयीची ठरते.

निरोपाची रचना : आन्सरिंग मशीनवरील निरोप हा जोडणीचा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत निर्णायक भाग आहे. निरोप त्याच दोन तारांवरून जात असल्याने बोलण्याच्या आवाजाखाली ११०० हर्ट्झचा स्वर दबतो. म्हणून निरोपाच्या आरंभी सुमारे पाच सेकंद शांतता ध्वनिमुद्रित करावी. कॉलिंग टोनचे आवर्तन साडेतीन सेकंदांचे असल्याने कोणत्याही चार सेकंदांत एक संपूर्ण स्वर सापडतोच. पाचवा सेकंद ही राखीव सवलत. बोलणे वीस सेकंदांत आटोपावे. हाताने नंबर फिरवून पाठवणाऱ्यांच्या यंत्रांतून हा स्वर येईलच असे नसते. त्यांच्यासाठी निरोपाच्या शेवटी फॅक्स सुरू करण्याचा संकेतांक सांगावा. ब्रदर कंपनीच्या अनेक यंत्रांत तो *५१ आहे.

रिंगची संख्या : प्रतिसाद मिळवण्यासाठी टी.३० मध्ये साधारण ३५ सेकंदांची मुदत आहे, पाच सेकंद अधिक-उणे. अमेरिकेत रिंगचे एक आवर्तन सहा सेकंदांचे असते, म्हणजे चार रिंगमध्येच २४ सेकंद संपतात. भारतातील ‘ट्रिंग-ट्रिंग’ जोडीचे आवर्तन तीन सेकंदांचे. चार जोड्यांना १२ सेकंद पुरतात. तरीही आन्सरिंग मशीन दोन ते चार रिंगमध्ये फोन उचलेल असे ठेवावे. नवीन निरोप नसल्यास उशिरा उचलण्याची ‘टोल सेव्हर’ सोय बंद करावी.

दोष : टेपवर दर साडेतीन सेकंदांनी आखूड ‘पीं’ नोंदलेला आढळल्यास फॅक्सने स्वर ओळखलेला नाही, जोडणीचा क्रम व निरोपातील शांतता तपासावी. बोलणाऱ्याचा फोन मध्येच तुटून फॅक्सकडे जात असल्यास मानवी आवाजातील ११०० हर्ट्झजवळचा अंश स्वर समजला गेलेला असतो.

देवनागरी मजकूर : हाताने लिहिलेला मराठी मजकूर फॅक्सने जसाच्या तसा जातो. साध्या प्रतीत दर मिलिमीटरला उभ्या दिशेने ३.८५ रेषा, ‘फाइन’ प्रतीत ७.७. बारीक अक्षरांतील अनुस्वार व मात्रा स्पष्ट उमटण्यासाठी ‘फाइन’ योग्य. मात्र वेळ सुमारे दुप्पट लागतो आणि तेवढा काळ सामायिक लाइन अडून राहते.

ब्रॉडबँड असल्यास : डीएसएल लाइनवर उपकरणांपूर्वी फिल्टर लावावा.

सद्यःस्थिती : व्हॉइसमेल व ई-मेलमुळे ही जोडणी मागे पडली आहे. तिच्यामागील तत्त्व मात्र वापरात आहे. इंटरनेटवरून आवाज नेणारे गेटवे आजही फॅक्सचे स्वर ओळखून कॉल टी.३८ या फॅक्स पद्धतीकडे वळवतात. त्यामुळे दूरसंचाराच्या अभ्यासकाला ही जुनी जोडणी समजून घेणे आजही उपयोगाचे आहे.