दुपारचा टीव्ही ते ग्रंथालयाचं कपाट

कॉलेजचं व्हिडिओ शिक्षण कोरोनात सुरू झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाहीये. ते चाळीस वर्षं जुनं आहे आणि त्यात आपल्या पुण्याचाही वाटा आहे.

इन्सॅट-1बी उपग्रह 1983 मध्ये आकाशात गेला. पुढच्याच वर्षी, 15 ऑगस्ट 1984 ला, विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केली. विज्ञान, इतिहास, पर्यावरण अशा विषयांवरचे कार्यक्रम विद्यापीठांच्या माध्यम केंद्रांत तयार व्हायचे. असं एक केंद्र पुणे विद्यापीठात होतं, आजही आहे. या केंद्रांचा कारभार पाहायला 1993 मध्ये दिल्लीत सीईसी ही संस्था उभी राहिली. हेतू चांगला होता. मोठ्या शहरातल्या प्राध्यापकाचं शिकवणं तालुक्याच्या पोरापर्यंत पोहोचवायचं.

अडचण होती ती माध्यमात. कार्यक्रम दुपारी लागायचा. तेव्हा पोरं तासाला नाहीतर प्रॅक्टिकलला. वीज गेली की धडा गेला. कळलं नाही तर मागे फिरवायची सोय नाही. त्यात बहुतेक मजकूर इंग्रजीत. म्हणजे ज्याच्यासाठी हे चाललं होतं, त्याच्याच हाताला ते लागणं सगळ्यात अवघड.

पुस्तकाचं असं नसतं. ते ग्रंथालयात येतं, दाखल नोंदवहीत चढतं, त्याला नंबर मिळतो आणि मागाल तेव्हा मिळतं. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला एक वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. टीव्हीचं बरोबर उलटं. तिथे विद्यार्थ्याने आपली वेळ टीव्हीच्या वेळेशी जुळवायची!

पुढेही उपग्रहावरचा भर कायम राहिला. 20 सप्टेंबर 2004 ला खास शिक्षणासाठी एज्युसॅट सोडला. 9 जुलै 2017 ला 'स्वयम' पोर्टल आणि 'स्वयम प्रभा'च्या 32 वाहिन्या आल्या. आयआयटीवाल्यांचे एनपीटीईएलचे तास तर आधीपासून यूट्यूबवर फुकट आहेत. म्हणजे आता तुटवडा व्हिडिओंचा नाही. वेळेचं बंधनही गेलं.

मग अडतंय कुठे? शोधण्यात. बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या तिसऱ्या घटकाला यातला कोणता तास लागू पडतो, हे एसटीने येणाऱ्या मुलीने एकटीनं कसं शोधायचं? घरात फोन एक, तोही भावाबरोबर वाटून. दिवसाचा दीड जीबी डेटा शोधण्यातच संपतो. हे काम ग्रंथपालाचं आहे. प्राध्यापकाने विषय सांगायचा, ग्रंथपालाने व्हिडिओ शोधून पुस्तकांच्याच सूचीत त्याची नोंद करायची. अभ्यासक्रम, घटक, भाषा, किती मिनिटं, कुठे पाहता येईल, एवढं पुरे. जिथे परवाना असेल तिथे प्रत उतरवून ग्रंथालयाच्या संगणकावर ठेवायची. दोन संगणक, चार हेडफोन. याला उपग्रह लागत नाही.

'कॉपीराइटचं काय?' असं लगेच विचारलं जातं. 1957 च्या कायद्यातलं कलम 52(1)(जे) वाचा. शैक्षणिक संस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून तिथले कर्मचारी, विद्यार्थी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित लोकांनाच चित्रपट दाखवला तर तो कॉपीराइटचा भंग ठरत नाही. याचा अर्थ कुठूनही उतरवून वाटायला मोकळीक आहे असा नाही, पण वर्गात दाखवायला घाबरायचंही कारण नाही.

आपल्या करातून हे व्हिडिओ चाळीस वर्षं बनतायत. शेवटचा टप्पा राहिलाय तो वर्गापासून ग्रंथालयापर्यंतचा. आपली मुलं कॉलेजात असतील तर या आठवड्यात त्यांना ग्रंथालयात एवढंच विचारायला सांगा: 'सर, आमच्या विषयाचे व्हिडिओ कुठे मिळतील?' उत्तर काय मिळालं ते खाली लिहा. चांगली सोय असेल त्या कॉलेजचं नाव आवर्जून टाका, बाकीच्यांना बघायला जाता येईल.